गल्लीचा कायापालट: सही करण्याआधी घरच्या वहीत मांडायचा हिशेब

गेल्या उन्हाळ्यात जुन्या नाशकात तिवंध्याजवळच्या आमच्या गल्लीत एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. मारुतीच्या ओट्यासमोर पांढरी चादर ताणली, त्यावर गल्लीच्या कायापालटाच्या प्रकल्पाची चित्रं दाखवली. गल्ली आमचीच होती, पण तिच्यात एकही स्कूटर नव्हती, डोक्यावर लोंबणाऱ्या तारा नव्हत्या, दिव्यांचे खांब मशालीसारखे होते आणि आमच्या वाड्याच्या ओसरीवर गोरी माणसं कॉफी पीत बसली होती. शेजारचे तांबटकाका चष्मा पुसून म्हणाले, "ताई, यात माझं दुकान कुठंय?" मुलानं लाल ठिपका फिरवला. काकांच्या दुकानाच्या जागी कुंडी होती, तीत बोगनवेल.

मग एक कागद फिरला. 'सदर कामास आमची संमती आहे.' आठ सह्या झाल्या. नववा नंबर माझा. मी म्हटलं, घरी नेते, वाचून देते.

मी एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात ३१ वर्षं काढली. दुसऱ्यांच्या स्वप्नांच्या फाइली वाचायच्या आणि त्यातला पैसा नक्की कुठून येणार ते शोधायचं, एवढंच काम. त्या सवयीनं मी एक दोनशे पानी वही घेतली आणि तो कागद तिच्यात उतरवून काढला. तिची पद्धत खाली लिहितेय. आता सिंहस्थाची कामं निघाली आहेत, जुन्या नाशकात आणि पंचवटीत असे कागद आणखी फिरतील. दुसऱ्या गावच्या पेठेलाही ही वही चालेल, फक्त उदाहरणं बदला.

पहिलं पान: काहीच झालं नाही तर

नवा माणूस कर्जाच्या फाइलीत हमखास चुकतो ती जागा हीच. तो आजची गल्ली आणि चित्रातली गल्ली शेजारी ठेवतो. आजची गल्ली पाच वर्षांनी आजच्यासारखी राहणार आहे का? विरोध करणारेही नेमकं हेच करतात. "आहे तसं राहू द्या" म्हणतात. आहे तसं काही राहत नसतं. दर पावसाळ्यात जुन्या नाशकात कुठला ना कुठला वाडा बसतो, आणि मे-जूनमध्ये धोकादायक वाड्यांना महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटिसा निघतात, हे आपण लहानपणापासून बघतोय. म्हणून पहिल्या पानावर चित्र नको, आज नको. काहीच केलं नाही तर पाच वर्षांनी आणि पंधरा वर्षांनी काय असेल ते घरवार लिहा.

ते लिहायला इंजिनिअर लागतोच, पण त्याच्या आधी स्वतः हात लावून बघा. आमच्या मागच्या भिंतीचं सांगते. पांढऱ्या मातीत बसवलेल्या विटा, वर चुन्याचा गिलावा. नव्वदच्या दशकात वडिलांनी "एकदाचं पक्कं करू" म्हणून त्यावर सिमेंटचं प्लास्टर मारून घेतलं. चार-पाच वर्षं भिंत नव्या नवरीसारखी दिसत होती. चुना श्वास घेतो. जोत्यातून वर चढलेली ओल तो बाहेर टाकतो. सिमेंट ती कोंडून धरतं. ओल आतच फिरत राहिली, माती भुसभुशीत झाली आणि एका जुलैत माजघराच्या बाजूनं भिंतीला पोट आलं. वाडा जुना म्हणून भिंत गेली असं सगळे म्हणाले. वाडा १०० वर्षं उभा होता, तो खचला दहा वर्षांच्या दुरुस्तीनं.

तेव्हा बोटाच्या पेरानं भिंत वाजवत चला. भरीव आवाज आला तर ठीक. बदबद आवाज आला की तिथं गिलावा सुटलाय. पांढरी बुरशीसारखी पावडर दिसली तर ती खारं पाणी वाळून उरलेली असते, पोताऱ्यानं पुसून जात नाही. तुळईचं भिंतीत शिरणारं टोक बघा. तिथं साधा पेचकस टोचला आणि अर्धा इंच सहज आत गेला तर वाळवी किंवा कुज. मधला सागवान बहुतेक वेळा ठणठणीत असतो, टोकंच जातात. टोकं बदलणं आणि अख्खी तुळई बदलणं यांच्या खर्चात जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि 'वाडा पाडूनच टाका' म्हणणारा कंत्राटदार तुम्हाला तो कधी सांगणार नाही. दोन दर मागवा: एक नेहमीच्या मिस्त्रीचा, एक घाणीवर, म्हणजे दगडी चाकाखाली, मळलेल्या चुन्याचं काम येणाऱ्याचा. दुसरा मिस्त्री शोधायला वेळ लागतो, चुना वाळायलाही लागतो. ते दिवस खर्चात धरा.

एवढं झालं की प्रत्येक घरापुढे तीन आकडे लिहा. दुरुस्ती आज केली तर, पाच वर्षांनी केली तर, आणि पडलं तर. पडण्याच्या खान्यात राडारोडा उचलणं, शेजारच्या भिंतीला टेकू, भाड्याचं घर, सगळं येतं. शेजारच्या भिंतीला टेकू लोक विसरतात. वाड्यांच्या भिंती सामाईक असतात. एक वाडा गेला की बाजूचा उघडा पडतो. आमच्या गल्लीत चौदा दारं आहेत. मी आकडे मांडले तेव्हा सहा घरांत आजच्या आणि पाच वर्षांनंतरच्या दुरुस्तीत दुपटीहून जास्त फरक निघाला. प्रकल्प येवो न येवो, ही सहा घरं थांबू शकत नव्हती. प्रकल्पाच्या 'फायद्यात' ही दुरुस्ती धरली होती. ती आम्हाला करावीच लागणार होती, तेव्हा तो प्रकल्पाचा फायदा नव्हे.

दुसरं पान: नावानिशी लिहा

सादरीकरणात आकडे बेरजेत येतात. एवढे कोटी खर्च, एवढे पर्यटक, एवढा रोजगार. बेरीज खोटी नसते, पण बेरजेला घर नसतं. म्हणून वहीत डावीकडे जमा म्हणजे फायदा, उजवीकडे नावे म्हणजे तोटा, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला माणूस. घरमालक. जुना भाडेकरू. अकरा महिन्यांच्या करारावरचा दुकानदार. स्वतःच्या गाळ्यातला दुकानदार. हातगाडीवाला. वर राहणारी म्हातारी, जिला गल्लीतली शांतता आणि दारात येणारी रिक्षा हवी. महापालिका. बाहेरून येणारा.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते, आकडे समजुतीसाठी घेतलेत. समजा भांडी बाजारातल्या एका दुकानाला खर्च जाता महिन्याला ४०,००० रुपये सुटतात. रस्ता सात महिने खोदलेला राहिला आणि कमाई निम्म्यावर आली. नुकसान १,४०,०००. रस्ता झाल्यावर गिऱ्हाईक वाढलं आणि कमाई दहा टक्क्यांनी, म्हणजे महिना ४,०००नं वाढली. वर्षाचे ४८,०००. खड्ड्यातले पैसे भरून यायला जवळजवळ तीन वर्षं. इथपर्यंत बरं वाटतं. आता बघा दुकान कोणाचं. स्वतःचं असेल तर तीन वर्षांनी तो फायद्यात. अकरा महिन्यांच्या करारावर असेल तर नवा करार करताना मालक म्हणणार, "रस्ता किती छान झालाय बघा," आणि भाडं ५,०००नं वाढवणार. दुकानदाराला खड्डा मिळाला, मालकाला रस्ता. आणि तिसरा, पिढ्यान्‌पिढ्यांचा भाडेकरू असेल तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे त्याचं भाडं वर्षाला चार टक्क्यांनीच वाढतं. म्हणजे रस्त्याची वाढ त्याला मिळाली, पण मालकाला वाडा दुरुस्त करायला काही उरलं नाही.

या तिसऱ्या ओळीपाशी जरा थांबा, कारण जुन्या नाशकातले कितीतरी वाडे तिच्यावरच अडकलेत. भाडं महिना २०० रुपये, म्हणजे वर्षाचं २,४००. मालक दुरुस्ती करत नसेल तर भाडेकरूला पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः करून घेता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. म्हणजे ६०० रुपये. तेवढ्यात कडीपाटाची एक फळी येत नाही. मालकाला परवडत नाही, भाडेकरूला हक्क असून उपयोग नाही आणि वाडा पाऊस मोजत उभा असतो. बाहेरून गल्लीत फरशी घातली म्हणून ही गाठ सुटत नाही. प्रकल्पात मालक-भाडेकरू दुरुस्तीचा पैसा कसा वाटून घेणार याचं एक पान नसेल, तर दर्शनी भागाला रंग लावून होईल आणि आत पोट आलेली भिंत तशीच राहील.

उलटही घडतं. मलेशियातल्या जॉर्जटाऊन या जुन्या बंदर-शहरात भाडे नियंत्रण सन २००० पासून उठलं. जुन्या दुकानघरांमधले कितीतरी भाडेकरू वाढलेल्या भाड्यामुळे बाहेर पडले. २००८ साली शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, घरांची डागडुजी झाली, कॅफे आले. इमारती वाचल्या, त्यांत राहणारी माणसं बदलली. आपल्या वहीत जुना भाडेकरू आणि घरमालक या दोन ओळी वेगळ्या ठेवायच्या त्या यासाठी.

वाडा वारसा यादीत असेल किंवा जाणार असेल तर मालकाच्या ओळीत आणखी एक नोंद येते: न वापरता येणारा एफएसआय, म्हणजे त्या जागेवर बांधता येणारं क्षेत्र. त्याच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे तेवढं बांधकाम दुसरीकडे करण्याचा विकता येणारा हक्क, मिळणार का, किती, कधी आणि तो बाजारात विकला जातो का, हे लेखी विचारा. तोंडी "मिळतो हो" याला बँकेत तारण म्हणून कोणी धरत नाही, वहीतही धरू नका.

माणसं मोजणं

'पर्यटक वाढतील' या ओळीवर माझा सगळ्यात जास्त राग आहे, म्हणून ती कशी तपासायची ते सांगते. ओट्यावर बसा. सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते आठ. एक साधा दिवस, एक रविवार, एक बुधवार, कारण बुधवारी गोदाकाठी बाजार असतो आणि गल्लीचं गणित बदलतं. चार काड्या उभ्या, पाचवी आडवी. गल्लीतली माणसं एका रकान्यात, कामानं आलेली दुसऱ्यात, पाठीवर पिशवी आणि हातात मोबाइल धरून वर बघत चालणारी तिसऱ्यात.

मी तीन दिवस बसले. साध्या दिवशी तिसऱ्या रकान्यात चार तासांत सात काड्या, त्यातले तिघे वाट चुकलेले. बाहेरगावचा यात्रेकरू रामकुंडावर उतरतो, काळाराम, सीतागुंफा करतो आणि रिक्षात बसून त्र्यंबकला किंवा शिर्डीला जातो. तो नदी ओलांडून इकडे येतच नाही. त्याला इकडे आणायचं तर गल्लीत दिवे लावून भागणार नाही. पंचवटीहून सरकारवाड्यापर्यंत चालत यायला सावली, पाटी आणि स्वच्छ मुतारी लागेल. तिसरी गोष्ट कुठल्याच चित्रात नसते.

आणि जी नवी माणसं येतील ती कुठून येतील? कॉलेज रोडवर कॉफी पिणारी मुलं आमच्या गल्लीत आली तर आमच्या वहीत जमा, शहराच्या वहीत शून्य. महापालिकेनं शहराच्या पैशातून खर्च करायचा असेल तर हा फरक तिनं धरायला हवा. आपण मात्र दोन्ही आकडे लिहावेत, म्हणजे सुनावणीत कोणी उलट विचारलं तर तोंड वासायची वेळ येत नाही.

कधी

बँकेत आम्ही ७२चा नियम वापरायचो. ७२ला व्याजदरानं भागा, तितक्या वर्षांत पैसा दुप्पट होतो. नऊ टक्के धरले तर आठ वर्षं. हेच उलट वाचा: आठ वर्षांनी मिळणारा एक लाख म्हणजे आजचे पन्नास हजार. खर्च आणि खड्डा पहिल्या दोन वर्षांत असतो, फायदा सहाव्या-आठव्या वर्षी. दोन्ही एकाच रकान्यात बेरजेला घेतलेले दिसले की समजा, कोणीतरी घाईत आहे. ज्याचं वय पंच्याहत्तर आहे त्याच्या ओळीला तर मी आठव्या वर्षाचा फायदा लावतच नाही. हिशेबाच्या शास्त्रात हे बसतं की नाही माहीत नाही, माझ्या वहीत बसतं.

कामाची मुदतही अशीच. दिलेल्या मुदतीत काम झालं तर किती नुकसान, आणि दुपटीनं लांबलं तर किती, दोन्ही लिहा. शहरात झालेली याआधीची रस्त्याची कामं आठवा आणि दुसरा आकडा पेनानं लिहा, पहिला पेन्सिलीनं.

पूर

नाशकातला कुठलाही हिशेब गोदेच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला विचारल्याशिवाय पुरा होत नाही. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. सराफ बाजारातले व्यापारी त्यावरून माल वर चढवायचा की नाही ते ठरवतात. १९६९, २००८, २०१६, २०१९: ही सालं जुन्या बाजारात पाठ असतात, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये तर मारुती अख्खा बुडाला होता.

पूररेषा कागदावर दोन असतात. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. "२५ वर्षांतून एकदा" ऐकून लोक निर्धास्त होतात. दर वर्षी २५त एक अशी शक्यता असेल, तर पुढच्या २५ वर्षांत तसा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के भरते. म्हणजे घाटाकडच्या कामाचं आयुष्य २५ वर्षं धरलं असेल तर त्यात एक पूर घुसवूनच हिशेब करा. बसवलेले दिवे, बाकं, खाली नेलेल्या विजेच्या तारा, पेटीतले मीटर यातलं पाण्याखाली काय काय जाईल आणि कोण बदलून देईल? आमच्या गल्लीच्या आराखड्यात विजेच्या पेट्या जमिनीपासून हातभर उंचीवर होत्या. २०१९ साली खालच्या वळणावर पाणी कुठवर आलं होतं त्याची खूण तांबटकाकांनी भिंतीवर खिळ्यानं कोरून ठेवलीय. त्या मुलाला मी ती दाखवली. ती त्याच्या बरगडीला लागत होती. तो गप्प झाला आणि त्यानं मोबाइलवर फोटो काढला. मुलगा वाईट नव्हता, पुण्याहून आला होता.

रुपयांत न बसणारं

काही गोष्टी रुपयांत मांडायचा हट्ट धरू नका, पण त्या लिहायच्या राहूनही जाऊ देऊ नका. त्यांना वेगळं पान.

आमच्याकडे रहाडी आहेत. तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा, तांबट लेन. पेशवाईपासूनचे दगडी हौद, रस्त्याच्या पोटात. वर्षभर वरून लाकडं आणि माती टाकून बुजवलेले, त्यावरून गाड्या जातात. रंगपंचमीला उघडायचे, पूजा करायची, उकळलेला रंग ओतायचा आणि आत धप्पा, म्हणजे उडी, मारायचा. बाहेरच्या माणसाला नकाशावर तिथं नुसता चौक दिसतो. ड्रेनेजची लाइन आखताना रहाड कुठे आहे हे त्याला कोण सांगणार? आपण. म्हणून नकाशाच्या झेरॉक्सवर रहाड, बुजलेली विहीर, जुनं भुयारी गटार, पिंपळाची मुळं, सगळं लाल पेनानं काढा. याच गावात मातीच्या गढीवर १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी खोदकाम केलं तेव्हा खाली हजारो वर्षांची वस्ती निघाली होती. इथं फावडं मारणं म्हणजे नवीन नाशकात पाइप टाकणं नव्हे.

दुसरी नोंद जिवाची. २७ ऑगस्ट २००३, सिंहस्थाची पर्वणी, सरदार चौकाच्या चिंचोळ्या उतारावर चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली. अरुंद रस्ता जीव घेऊ शकतो, हे नाकारून 'गल्ली आहे तशीच हवी' म्हणता येत नाही. पण त्याच उदाहरणाचा पुढचा भाग बघा. २०१५च्या सिंहस्थाला साधूंच्या मिरवणुकीचा शाही मार्ग बदलला, नदीच्या खालच्या अंगाला नवे घाट झाले, गर्दी विभागली. म्हणजे रुंदीकरण हा एकच इलाज नव्हता. तुमच्या गल्लीच्या वहीतही पर्याय दोन नकोत, तीन-चार हवेत: काहीच नाही; फक्त गटार, पाणी आणि तारा; घरांच्या दुरुस्तीला मदत; आणि चित्रातलं सगळं. अनेकदा दुसऱ्या पर्यायात निम्म्याहून जास्त फायदा असतो आणि फोटो काढण्यासारखं काहीच नसतं. म्हणून तो कोणी पुढे आणत नाही.

तिसरी नोंद तांबटकाकांची. तांब्याच्या घागरीला मठार, म्हणजे हातोडीचे ठोके, देताना निघणारा आवाज हा पर्यटकाला वारसा वाटतो, वरच्या मजल्यावर राहायला आलेल्याला त्रास. गल्लीत खोल्या भाड्यानं देणारी हॉटेलं आली की पहिली तक्रार हातोडीबद्दल होणार, हे मी पैजेवर सांगते. कारागीर ठेवायचा असेल तर त्याला आवाज करायची वेळ, कोळशाची भट्टी आणि माल उतरवायला टेम्पो, हे तीन हक्क आधी कागदावर घ्या. दिल्लीत चांदनी चौकातला लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता २०२१ साली दिवसा मोटार वाहनांना बंद झाला, सकाळी नऊ ते रात्री नऊ. चालणाऱ्याला सुख झालं. पण ज्याचा माल दिवसा येतो त्याला वेळापत्रक बदलावं लागतं. आपल्या भांडी बाजारात टेम्पो किती वाजता येतात, ते मोजायला आणखी एक सकाळ लागते, तेवढी द्या.

परत फिरता येतं का

प्रत्येक कामापुढे एक खूण करा: मागे घेता येईल की नाही. रंग, पाट्या, बाकं, वाहतुकीची वेळ मागे घेता येतात. पाडलेला वाडा, फोडलेली दगडी पायरी येत नाही. रामकुंड परिसरात एकेकाळी १७ कुंडं होती. त्यांच्या तळाशी काँक्रीट ओतलं गेलं. जिवंत झरे त्यानं दबले म्हणत नदीवर प्रेम करणारी माणसं वर्षानुवर्षं भांडली, आणि काही ठिकाणचं ते काँक्रीट पुन्हा फोडून काढावं लागलं. घालायचा खर्च, काढायचा खर्च, कोर्टाचा खर्च. मागे न घेता येणारं काम असेल तर मी त्याचा अंदाजलेला फायदा निम्माच धरते आणि ते शेवटी करा म्हणते. आधी मागे घेता येणारी कामं करून बघू, एक पावसाळा जाऊ दे.

झाल्यावर कोण झाडणार

इथं फार लिहायला नको. फरशी फुटली, दिवा गेला, कारंजं बंद पडलं तर पैसा कुठल्या शीर्षाखाली, किती वर्षं? कंत्राटदाराचा दोष-दुरुस्तीचा काळ संपला की पुढे कोण? उत्तर 'महापालिका बघेल' असेल तर वार्षिक आकडा मागा. आकडा नसेल तर तुमच्या जमेच्या बाजूची फरशी पाच वर्षांनी खोडून टाका.

कागद मागायचे कसे

सविस्तर प्रकल्प अहवाल मागा, सादरीकरण नको. मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज: दहा रुपये, ३० दिवस. अर्जात "प्रकल्पाची सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका, त्याला उत्तर येत नाही. अंदाजपत्रकाची प्रत, कामाच्या टप्प्यांचं वेळापत्रक, देखभालीची तरतूद, बाधित मिळकतींची यादी, पूररेषेचा नकाशा, अशा सुट्या सुट्या पाच गोष्टी मागा. भाडेकरू असाल तर आपण किती चौरस फूट वापरतो त्याचा मोजणी-तक्ता वाडा उभा असतानाच सही-शिक्क्यानिशी करून घ्या. पडल्यावर प्रत्येक खोली आठवणीत मोठी होते. हरकती-सूचनांची मुदत नोटिशीत लिहिलेली असते, ती भिंतीवर लावा. आणि जे द्याल त्याची पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह. माझा एक अर्ज एका कार्यालयात "टेबलावरच होता" असं अडीच महिने सांगितलं गेलं. पोच काढून दाखवल्यावर टेबल सापडलं.

आम्ही त्या संमतीच्या कागदावर सही केली, पण अशी: गटार, पाणी आणि भूमिगत तारांना संमती, विजेच्या पेट्या भिंतीवरच्या खुणेच्या वर, रहाडीभोवती हातानं खोदकाम, तांबट, कल्हईवाले यांच्या गाळ्यांना हात नाही, दर्शनी सजावट नंतर, सहा घरांच्या दुरुस्तीचा मार्ग निघाल्यावर. चौदातल्या अकरा घरांनी सही केली. दोन घरांना सजावट आधी हवी होती, कारण ते विकायच्या विचारात आहेत. त्यांच्या वहीत ते बरोबरच आहे. एका घराला कुलूप आहे, मालक नाशकात नसतात.

दिवाळीनंतर तो मुलगा नवी चित्रं घेऊन आला. बोगनवेल गेली होती, तिथं काका होते, भगवा फेटा बांधून हंड्यावर हातोडी मारताना. काका बराच वेळ बघत राहिले. "मी उभ्या जन्मात फेटा बांधला नाही," म्हणाले. पण शटर मोजून साडेआठ फुटांचं काढलं होतं, दारात टेम्पोला जागा सोडली होती. तेवढ्यावर मी वहीत टिक केली.